आखूड पायजमे

हसा, हसा. आज हसून घ्या. उद्यापासून त्याच वॉर्डात तुमची नाइट आहे.

पण आधी ती भांडी पालथी घाला आणि मग बसा. दार लोटून घे गं, वारा आत येतोय. मघाशी कुणी विचारलंत, मनोविकार वॉर्डातल्या बायकांचे पायजमे एवढे आखूड का, सगळ्याजणी गुडघाभर पाण्यातून चालत निघाल्यासारख्या दिसतात? आणि ही म्हणाली, कापड वाचवत असतील. कापड कुणी वाचवत नाही. इतकी वर्षं या होस्टेलच्या स्वयंपाकघरात तुमच्यासारख्या नर्सिंगच्या पोरींना जेवू घालतेय, आणि दर वर्षी एक तरी पोरगी हाच विनोद करते. मग मला ही गोष्ट सांगावी लागते.

"काकू, त्या वॉर्डात भूत आहे म्हणतात, तीच का?"

तीच. आणि ऐकीव नाही. माझ्या पाठच्या बहिणीवर गुदरलेली आहे. आमची धाकटी खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. लहानपणी साखर खाऊन नाही म्हणायची तेव्हापासून मी ते कान बघत आलेय. हे सांगत होती तेव्हा ते पांढरेफटक होते.

आणखी एक. माझ्या स्वयंपाकघरात बसून कुणी 'वेड्यांचा वॉर्ड' म्हणायचं नाही. म्हणाली तिला उद्या चहा मिळणार नाही.

तर, डिसेंबर महिना. दुसरा शनिवार. रात्रीचे अडीच वाजून गेले होते. धाकटी त्या वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर होती. ती खुर्चीतून उठली ते एका साध्या कामासाठी. सकाळी एक बाई आपल्या वारलेल्या आईचं सामान न्यायला येणार होती. सामान म्हणजे काय, एक काठी आणि एक चष्मा. दोन्ही कपाटात कुलपाखाली होतं. सकाळच्या घाईत शोधाशोध नको, आत्ताच काढून ठेवू, एवढाच तिचा विचार.

आता ती आई कोण, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

ती शिंपीण होती. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवलेली. नवरा गेला, आणि एक दिवस मशीनवर चढवलेलं कापड तसंच अर्धं सोडून ही गादीवर पडली, ती उठेचना. जेवण बंद, बोलणं बंद. लेकीनं महिनाभर वाट पाहिली आणि शेवटी आणून दाखल केलं. वॉर्डात सगळे तिला आजी म्हणायचे. कमरेपर्यंत केस, कापसासारखे पांढरे. धाकटी रोज संध्याकाळी वेणी घालून द्यायची आणि रोज रात्री ती सुटायची. कारण तिथे रिबीन चालत नाही. नाडी चालत नाही, पट्टा चालत नाही. सुई, काच, काठी, काही म्हणता काही चालत नाही.

बरोबरच आहे ते. तोंडं वाकडी करू नका. त्यातला एकेक नियम कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावर झालेला आहे. पण एकीकडचं भोक बुजवताना दुसरीकडे पडतं, ते बघायला कुणी नको? पायजम्यातली नाडी काढली आणि इलॅस्टिक घातलं. धुलाईखान्यात उकळून उकळून ते लोंबायला लागलं. एकाच मापाचे लांबलचक पायजमे, उंच बाईला तेच नि ठेंगणीला तेच. कमरेवरून घसरले की टाचेखाली. काठी काढून घेतलेली. चष्मा रात्री जमा. त्यात गोळ्या अशा, की झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. खाटांना कठडे लावून पाहिले, तर बायका कठड्यावरून चढून पडायला लागल्या. रक्तदाब का उतरतो ते तुमच्या पुस्तकात असेल. मला एवढंच कळतं, की तिथल्या बायका वेडानं पडत नाहीत. लघवीला जाताना पडतात.

धाकटीनं एकेकीला शिकवलं होतं. आधी कुशीवर वळायचं. मग बसायचं. पाय खाली सोडायचे. दम खायचा. मला हाक मारायची, आणि मी आले की उभं राहायचं. रोज रात्री दिवे मालवायच्या आधी सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची, पाढे म्हणवतात तसं. आजी कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, ते यावरच. म्हणाल्या, "अंगावर पिणाऱ्या पोराला एवढं शिकवत नाहीत गं बसायला."

मग औषध लागू पडत गेलं. आजी जेवायला लागल्या. शिंपिणीची नजर परत आली. माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, पायांकडे बघायच्या. "हिचा चार बोटं लांब आहे. तिचा तर वीतभर. ती पडणार बघ आज-उद्या."

"मग काय करू या, आजी?"

"एक सुई दे मला. अख्ख्या वॉर्डाची तुरपाई करून देते."

"सुई नाही मिळायची इथे."

"बरं, मग कात्री दे."

सगळा वॉर्ड हसला. कोपऱ्यातली एक बाई कधी कुणाशी बोलायची नाही, ती तोंडावर चादर घेऊन हसत होती, चादर हलताना दिसत होती.

धाकटी म्हणाली, मी सुट्टीच्या दिवशी पायजमे घरी नेते आणि माझ्या मशीनवर पट्ट्या मारून आणते. स्टोअरकीपर म्हणाला, वॉर्डाचा कपडा फाटकाबाहेर जात नाही, पुढच्या महिन्यात मापाचे पायजमे येतायत, जरा दम धरा. धाकटीनं दम धरला. आजींना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी माझ्या घरी असेन गं. या बाकीच्यांचं बघ." खरंच होतं. सोमवारी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं. लेकीनं मशीनला तेल घालून ठेवलं होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी रात्री वॉर्डाच्या त्या टोकाला एका बाईला आकडी आली. आयाबाई डॉक्टरांना बोलवायला पळाली. धाकटी त्या बाईला कुशीवर धरून जमिनीवर बसलेली. सोडली तर डोकं आपटेल. आणि नेमकी तेव्हाच या टोकाकडून, बाथरूमजवळच्या खाटेवरून हाक आली.

"सिस्टर…"

"आले हं आजी. आले."

जरा वेळानं पुन्हा. "सिस्टर…"

"आले, आले. बसून राहा."

तिसरी हाक आली नाही. आला तो पडल्याचा आवाज.

खुबा मोडला. पलीकडच्या इमारतीत नेऊन ऑपरेशन केलं. मग छातीत कफ भरला, आणि आठवड्याच्या आत आजी गेल्या. धाकटी त्यांना एकदाच भेटली. आजींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी बसले होते गं. पाय खाली सोडले होते. दमसुद्धा खाल्ला. तू शिकवलंस तसंच सगळं केलं. फक्त थांबवेना… आणि पायात तो पायजमा आला."



पुढे चौकशी झाली. वरच्यांनी एक ओळ लिहिली : रुग्णाने दिलेल्या सूचना पाळल्या नाहीत. धाकटीनं खाली सही केली. नोकरी कायमची नव्हती, घरी दोन पोरं होती. मी तेव्हाही तिला तोंडावर बोलले होते आणि आजही बोलेन, बहीण असली म्हणून काय झालं. लेकीला ती ओळ वाचून दाखवली, तर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आई हट्टीच होती. जन्मात कुणाचं ऐकलं नाही तिनं." धाकटी तिथेच उभी होती. एक शब्द बोलली नाही.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. दिवसा घरी पडायची आणि नुसती छताकडे बघायची. मी जेवायला हाक मारली तरी दचकून "आले" म्हणायची.

पाणी हवंय का कुणाला? नको? मग सरकून बसा.

तर ती डिसेंबरची रात्र. आयाबाई रक्ताची बाटली घेऊन खाली लॅबमध्ये गेलेली. वॉर्डात धाकटी एकटी. निळा दिवा. सगळ्या झोपलेल्या. आजींच्या खाटेवर आता कॉलेजातली एक पोरगी होती, संध्याकाळीच आणलेली. कितीतरी रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या, म्हणून जोरदार इंजेक्शन दिलेलं. पोरगी ठेंगणी, आणि पायजमा तोच, वीतभर लांब. धाकटीनं स्वतः खाली बसून त्याला दोन-दोन घड्या घातल्या होत्या. पण घडी ती. कुशीवर वळलं की सुटणार.

धाकटीनं कपाट उघडलं. चष्मा काढला. एका काचेवर अंगठ्याचा ठसा अजून होता. तो पुसायला तिनं रुमाल वर आणला, आणि पुसला नाही. चष्मा पिशवीत ठेवला. काठी काढली. कुलूप लावलं.

"सिस्टर…"

ती सवयीनं बोलून गेली. "आले हं आजी. आले."

आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं, आपण काय म्हणालो ते.

आजी.

वॉर्डात आता आजी कुणी नव्हती.

काठी हातात तशीच. कपाटाकडे तोंड. मागे वळायची हिंमत होईना… घड्याळाची टिकटिक. कुणीतरी झोपेत दात खाल्ले. मग तेही थांबलं.

"सिस्टर…"

तोच आवाज. शेजारणीची झोप मोडू नये म्हणून अर्धा गिळलेला. तिनं तो इतक्या रात्री ऐकला होता, की शंभर बायकांत ओळखला असता.

मला न्यायला आली, एवढंच मनात. दोन पावलांवर दार. दाराबाहेर जिना. जिन्यात दिवा, खाली चौकीदार… पळता आलं असतं. कुणी दोष दिला नसता.

ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

…

आली नाही.

…

तिसरी हाक आली नाही.

आता ऐका. इथे माझी बहीण खरी घाबरली. आधीच्या दोन हाकांना भुताची भीती होती. ही भीती निराळी. तिसरी हाक आली नाही म्हणजे पुढे काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

ती धावली. दाराकडे नाही. भुताकडे.

खाटेपाशी पोचली. थांबली.

पोरगी उठून बसली होती. काठावर. पाय खाली सोडलेले. डोळे मिटलेले… श्वास संथ. आणि डावा कोपर अंगापासून वर उचललेला. आपण कुणाला आधार देताना त्याचा कोपर धरतो, तेव्हा तो जसा उचलला जातो, तसा.

पण त्या बाजूला कुणी नव्हतं.

धाकटीनं उजवा कोपर धरला. तेव्हा कुठे डावा हळूच खाली आला. आपटला नाही. कुणीतरी जपून ठेवावा तसा मांडीवर आला.

"कुणी बसवलं तुला?"

"आजींनी."

…

"काय म्हणाल्या?"

पोरीची जीभ औषधानं जड झालेली. एकेक शब्द ओढून काढत होती. "हलू नकोस म्हणाल्या… सिस्टर येतेय. ती आले म्हणाली… की येते."

धाकटी मटकन खाली बसली, तिथेच फरशीवर. रडले नाही म्हणते. आणि एवढं वाक्य बोलताना मात्र तिचे कान लाल होतात.

खाली बसली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पोरीचे पाय आले. घड्या नव्हत्या. पायजमा लोंबतही नव्हता. घोट्यावर नीट थांबला होता, दोन्ही पायांत सारखा. कापड आत दुमडलेलं. त्यावर तुरपाई. बारीक, एका अंतरावर, मोजून घातल्यासारखे टाके.

सुई नसलेल्या वॉर्डात.

तिनं पोरीला उभं केलं, नेलं, आणलं, निजवलं. उजाडेपर्यंत त्या खाटेशी बसून राहिली. सकाळी पोरीचे कपडे बदलले आणि तो पायजमा काठी-चष्म्याबरोबर पिशवीत घातला. वॉर्डाचा कपडा फाटकाबाहेर जात नाही. त्या दिवशी गेला.

फाटकाबाहेर लेक उभी होती. अंगात स्वेटर, हातात रिकामी पिशवी. काठी घेतली आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

"सही नको," धाकटी म्हणाली. "मला सांगायचंय काहीतरी. तुमच्या आई हट्टी नव्हत्या."

आणि सगळं सांगितलं. दोन हाका. दोनदा म्हटलेलं 'आले'. बसल्या होत्या, पाय सोडले होते, दम खाल्ला होता. पायजमा लांब होता आणि ते आम्हाला माहीत होतं. त्या ओळीखाली सही माझी आहे, आणि ती ओळ खोटी आहे.

मी असते तर तिथेच मुस्कटात दिली असती, खरं सांगते. लेकीनं नाही दिली. बराच वेळ त्या काठीची मूठ चोळत राहिली. मग म्हणाली, "मी तिला शेवटपर्यंत रागावले हो. नाकात नळी होती तिच्या, आणि मी आपली विचारतेय, कशाला उठलीस, कशाला उठलीस. ती नुसती मान हलवायची… मला वाटायचं, चुकले म्हणतेय."

दोघी रस्त्यावर उभ्या. दूधवाला सायकलची घंटी वाजवत मधून गेला, तरी बाजूला झाल्या नाहीत.

धाकटी तशीच परत आत गेली, मेट्रनसमोर बसली आणि तीच हकीकत स्वतःच्या हातानं लिहून दिली. भुताचं सोडून. नोकरी गेली का, म्हणून विचाराल, तर गेली. वर्षभर माझ्या घरी राहिली पोरांना घेऊन, मग दुसरीकडे लागली. पण पुढच्या महिन्यात स्टोअरमध्ये जे गठ्ठे आले, त्यातला एकेक पायजमा मापून घोट्याच्या वर कापलेला होता. आज तुम्ही हसलात ते पायजमे. ते भुतानं कापलेले नाहीत, माणसांनी कापले. शिंपिणीच्या जिवावर कापले.

उद्या दिवे मालवायच्या आधी म्हणवून घ्याल ना सगळ्यांकडून? वळा, बसा, पाय सोडा, दम खा. आणि कुणी हाक मारली तर 'आले' म्हणण्याआधी बघा, पाय निघालेत का.

"काकू… त्या पायजम्याचं काय झालं?"

सांगते. तेवढंच राहिलंय.

धाकटीनं तो पिशवीतून काढून लेकीच्या हातात दिला होता. म्हणाली, कुणी केलंय मला माहीत नाही, रात्रीत झालंय. लेकीनं काठ उलटा केला आणि तुरपाईवरून बोट फिरवत नेलं. टोकाशी येऊन बोट थांबलं. तिथे तीन टाके उलटे घातलेले होते.

"माझ्या शाळेच्या फ्रॉकला असेच असायचे," ती म्हणाली. "म्हणायची, पोरगी धावणार, सुटता कामा नये."

मग तिनं काठ उजेडाकडे धरला. ऊन नुकतं वर आलं होतं. तिनं नख लावून एक टाका जरासा उचलला आणि बघत राहिली. धाकटीही वाकली.

दोरा नव्हता तो.

केस होता. लांब, कापसासारखा पांढरा. आणि वेणीत राहून सुटलेला केस असतो, तसा नागमोडी.